काजळीचा घरचा क्रम

शनिवार, ३ फेब्रुवारी

बस डेपोच्या स्टोअरमध्ये दर वर्षी टायर कंपनीकडून डायऱ्यांचा गठ्ठा येतो आणि वर्षभर धूळ खात पडतो. यंदा एक मी उचलून घरी आणली. कामावर मी दिवसभर लिहीतच असते, पण ते सगळं पार्ट नंबरात. ब्रेक लायनर आले, क्लच प्लेट गेल्या. इथे माणसांबद्दल लिहीन म्हणते. घरात बोलायला माणसं दोनच आणि दोघंही तोलूनमापून बोलतात, तेव्हा डायरी लवकर भरायची भीती नाही.

पहिला माणूस माझा नवरा. लग्नाला पाच महिने झाले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकाला ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ एवढंच विचारत असल्यामुळे घरी आल्यावर त्यांच्याकडे दुसरं वाक्य उरत नाही. माणूस मात्र लाखात एक. मी त्यांना मनातल्या मनात चष्मेवाले म्हणायचे, ते एकदा चुकून तोंडून निघून गेलं. हसले आणि काच पुसत बसले.

दुसरं माणूस बारा वर्षांचं. त्यांची मुलगी, खारू. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची म्हणून हे नाव पडलं. आता साठवते ते सगळं डोक्यात. तिची आई गेली त्याला तीन वर्षं झाली. खारू मला हाक मारत नाही. बोलायचं झालं तर समोर येऊन उभी राहते आणि ‘तुम्ही’ने सुरुवात करते. मला बँकेच्या खिडकीत बसल्यासारखं वाटतं. उद्धट नाही हं, अजिबात नाही. उद्धट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

उद्या तिची कॉमिक्सची स्पर्धा आहे. चष्मेवाल्यांना दुकान सोडता येत नाही, म्हणून सोबत मी जायचं ठरलंय.

रविवार, ४ फेब्रुवारी

स्टेशनरीच्या दुकानाखालच्या तळघरात एक कॉमिक्सचं दुकान आहे. मालकाला सगळी मुलं अंकवाले काका म्हणतात. वीसेक मुलं उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली होती, पालक जिन्यात. प्रश्न सगळे सप्तघंटा विश्वातले. मला यातलं काही कळत नव्हतं, पण आता थोडं कळतं ते असं: एक शहर आहे, त्याला सात घंटा आहेत. घंटा गंजली की वाईट गोष्टी आत येतात. डॉक्टर गंज नावाचा खलनायक त्या गंजवत फिरतो. त्याला अडवते काजळी. ती एका धुरातून शिरून दुसऱ्या धुरातून बाहेर पडू शकते. तिच्या मदतीला चुंबक्या नावाचा जाडा हिरो आहे आणि क्षणिका नावाची मुलगी, जी श्वास रोखून धरेल तेवढा वेळ काळ थांबतो.

चुंबक्या लाकडी चमच्यानं का जेवतो? (धातूचा ओठांना चिकटतो म्हणून.) काजळीचं गुपितघर लॉन्ड्रीच्या खालीच का? (वाफेत धूर लपतो.) तिच्या डाव्या हातमोज्याला चारच बोटं का? खारूचा हात प्रश्न संपायच्या आत वर. माझ्या शेजारच्या पायरीवरचे गृहस्थ म्हणाले, “कोणाची हो ही? आगच आहे.” मी म्हटलं, “आमची.” म्हणताना बरं वाटलं.

शेवटची फेरी ‘पडझडीनंतर’ या नावाची होती. म्हणजे पहिली काजळी जाते आणि तिची केप घालून दुसरी येते, तिथून पुढचे अंक. या फेरीत खारू प्रत्येक प्रश्नाला ‘पास’ म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. तिसरी आली.

परत येताना मी म्हटलं, “शेवटच्या अंकांचा अभ्यास कमी पडला वाटतं.”

“हो.”

“ती दुसरी काजळी कशी आहे?”

“ती मोजायची नसते,” असं म्हणून तिनं चालण्याचा वेग वाढवला.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अभ्यास का कमी पडतो त्याचं कारण मला सापडलं. खारूच्या खोलीतल्या फळीवरचे अंक बघितले. डोकं फिरायची वेळ. पहिलाच अंक ३१ नंबरचा, आणि पुढचं तर विचारूच नका. असं कोणी वाचतं का? सत्तरच्या वर अंक आहेत. माझ्या स्टोअरमध्ये असा माल लावला असता तर एकही बस वेळेवर सुटली नसती.

शनिवारी ती दिवसभर मैत्रिणीकडे जाणार आहे. मला जे येतं ते मी तिच्यासाठी करू शकते. माझ्या ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “विचारून कर बाई.” विचारलं तर गंमत काय राहिली?

शनिवार, १० फेब्रुवारी, दुपारी

झालं. पाठ मोडली, पण फळी बघून माझं मलाच कौतुक वाटतंय. सगळे अंक खाली काढले, ओलसर फडक्यानं एकेक पुसला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, नंबरवार लावला. एका विशेष जोडअंकावर नंबरच नाही. (जोडअंक म्हणजे ज्यात इतर मालिकांमधले हिरो पाहुणे येतात तो.) नंबर नसलेला माल सगळ्यात खालच्या फळीवर, हा आमचा नियम, तो तिथे ठेवला.

एक पाहिलं. जुने अंक हाताळून मऊ पडलेत, कोपरे दुमडलेत, पण ५९ पासूनचे अगदी करकरीत आहेत. पिनांची चकाकीसुद्धा गेलेली नाही. मुलगी मोठी होईल तशी वस्तू जपायला शिकली म्हणायची. नंबर नसलेला जोडअंकही तसाच नवा.

५८ मध्ये केसांची एक क्लिप अडकवलेली होती, हिरव्या मण्याची. जुनीच आहे पण पकड मजबूत. खारूचे केस तर कानापर्यंतच कापलेले, तिला हिचा उपयोग नाही. काम करताना केस डोळ्यांवर येत होते म्हणून मी लावून टाकली. खारू सहाला येणार, आता तिची वाट बघते.

शनिवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी

खारू आली. दारातच थांबली. फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फळीकडे.

“तुम्ही हात का लावलात?” एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. दार लावून घेतलं आणि जेवायला आली नाही.

मी काय चुकले?

रविवार, ११ फेब्रुवारी

चष्मेवाल्यांनी आज एकदम इतकं बोलून दाखवलं की मी घाबरले.

“अगं, ते अंक तिच्या आईनं लावले होते,” ते म्हणाले. “खारू सहा वर्षांची होती तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघी वाचायच्या, जुनेच पुन्हा पुन्हा, अधूनमधून एखादा नवा. कुठल्या अंकानंतर कुठला, ते तिनं ठरवलेलं होतं. ती गेल्यावर खारूनं एक अंकही जागचा हलू दिला नाही. धूळसुद्धा फुंकरीनं उडवायची.”

“आणि तुम्ही मला हे आज सांगताय?”

“मला काय माहीत तू आवरायला काढशील.”

“क्रम आठवतो तुम्हाला?”

नाही आठवत. त्या वेळी ते शेजारच्या खोलीत दमून झोपलेले असायचे. खारूला विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. ती सकाळपासून जमिनीवर अंक मांडून बसली आहे. दाराच्या फटीतून दिसलं. सुरुवातीचे काही लावले, मग अडली, मग सगळे एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

माल हलवायच्या आधी मांडणी टिपून घ्यायची, हे मी स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते. आणि मी स्वतः काय केलं? टिपून घेतलं नाही ते नाहीच, वर एकेक अंक पुसून काढला. एखादा डाग, एखादी धुळीची रेघ, काहीतरी माग राहिला असता. तोही ठेवला नाही. आज मला माझी लाज वाटते आहे, अगदी मनापासून.

बुधवार, १४ फेब्रुवारी

डेपोतून परस्पर अंकवाले काकांकडे गेले. म्हटलं, हे अंक वाचायचा बरोबर क्रम कुठला, तेवढा सांगा.

काका म्हणाले, “तीन आहेत. एक छापल्याचा क्रम, नंबरवार. एक गोष्टीचा क्रम, म्हणजे काजळी लहान असते तिथून सुरुवात. आणि तिसरा घरचा क्रम.”

“तो कुठे मिळेल?”

“तो दुकानात नसतो, ताई. ज्याच्या त्याच्या घरी असतो. कोणाला वाचून दाखवायचंय, ते पोर केवढं आहे, कशाला भितं, यावर ठरतो.” मग म्हणाले, “तिची आई इथे यायची. आधी स्वतः उभ्या उभ्या अख्खा अंक वाचायची, मगच घ्यायची. मी मनात म्हणायचो, बाई फुकट वाचतायत. मग कळलं की तपासतायत.”

म्हणजे मलाही सगळे वाचावे लागणार. त्याशिवाय तिनं काय तपासलं ते कसं कळणार? खारूचे अंक मागायची हिंमत नाही. काकांनी त्यांच्याकडचा फाटका संच वाचायला दिला. एकेचाळिसाव्या वर्षी मी पिशवीत कॉमिक्स घालून घरी आले आणि फोरमनला दिसू नये म्हणून वरून टॉवेल टाकला.

शनिवार, १७ फेब्रुवारी

वाचते आहे. जेवणाच्या सुट्टीत टायरच्या मागे बसून वाचते. सांगायला हरकत नाही, मजा येते. समांतर विश्व म्हणजे तेच लोक पण वेगळी गोष्ट. तिथे डॉक्टर गंज हा भला माणूस असतो, घरोघर जाऊन पियानो दुरुस्त करतो. मग एका अंकात कंपनीनं पुनरारंभ केला. म्हणजे आतापर्यंतचं सगळं पुसलं आणि पुन्हा नव्यानं सुरू. वाचकांनी इतका ओरडा केला की तो अंकच अमान्य ठरवावा लागला. मला मात्र पटला. मला करता आलं असतं तर मी गेल्या शनिवारचा पुनरारंभ केला असता.

खारू हल्ली जेवताना माझ्या डोक्याकडे बघते. डोळ्यांत नाही बघत, वर, केसांकडे. पांढरे फार दिसायला लागले की काय? रंग आणायला हवा.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा जमलं. क्रम विचारून उपयोग नाही, तो तिला आठवत नाही आणि आठवत नाही हेच तिचं दुःख आहे. म्हणून मी तिला कोडी घातली. ती भांडी पुसत होती, मी लावत होते.

“खारू, सतराव्या अंकात तो लोहार मुखवटा काढतो, तेव्हा तू दचकलीस?”

तिनं हातातली वाटी पुसून पुढे केली. मग म्हणाली, “नाही. मला आधीच माहीत होतं तो कोण ते.”

“कुठून माहीत होतं?”

“एकतिसाव्यातून. त्याच्या मूळकथेतून.” फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. “म्हणजे एकतीस सतराच्या आधी.”

“आणि चार बोटांचा हातमोजा पहिल्यांदा पाहिलास तेव्हा?”

“मी आईला विचारलं, बोट कुठे गेलं. ती म्हणाली, थांब, कळेल.”

“म्हणजे बोट जातं तो एकोणिसावा त्याच्या नंतर.”

“तुम्ही सगळे वाचलेत?” तिनं विचारलं. मी मान डोलावली. ती फडकं टाकून खोलीत गेली. आतून अंक सरकवल्याचा आवाज आला आणि माझ्या हातातली ताटली निसटता निसटता राहिली.

रविवार, २५ फेब्रुवारी

रोज दोन-तीन कोडी. तुला कशाचं हसू आलं, कशाची भीती वाटली, कुठे रडलीस. एका वेळी फार विचारलं की ती मिटते, म्हणून जपून. पण आता खोलीचं दार उघडं असतं. मला उंबऱ्यापर्यंत येता येतं. अजून आत नाही.

अर्धी फळी लागली आहे. मधलेच अंक अडलेत. ते एकमेकांना बांधलेले नाहीत, कुठलाही कुठेही गेला तरी गोष्ट बिघडत नाही. तिथे कोडी चालत नाहीत. तिच्या आईनं तिथे काय विचार केला असेल? हॉलमधल्या तिच्या फोटोवरून मी रोज फडकं फिरवते आणि रोज थोडी अवघडते. आज फडकं हातात घेऊन उभीच राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, “सांगा की हो काहीतरी.” चष्मेवाले मागे होते. त्यांनी ऐकलं नसल्याचं दाखवलं.

हो, मी दुसऱ्या काजळीपर्यंत पोचले. बासष्टाव्या अंकात येते. लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली असते. तिला कोणी निवडलेलं नसतं, घंटा वाजायला लागतात आणि जवळपास दुसरं कोणी नसतं म्हणून ती केप अंगावर घेते. केप लांब होते, म्हणून खालून दुमडून टाचण्या लावते. धुरातून चुकीच्या घरात बाहेर पडते आणि तिथल्या लोकांची माफी मागते. शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं आहेत, सगळी संतापलेली, आमची काजळी परत द्या म्हणून. मला तर ती फार आवडली. का कोण जाणे.

बुधवार, २८ फेब्रुवारी

चष्मेवाल्यांना आज खोदून विचारलं. काहीतरी आठवत असेल, अंक नाही तर दुसरं काही.

चष्म्याची दांडी चावत बसले. मग म्हणाले, “झोपमोड व्हायची माझी.”

“कशानं?”

“हसण्यानं. रोज. वाचन संपलं की दोघी खदखदून हसत असायच्या. मी म्हणायचो, आता झोपू द्या. पार दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापर्यंत.” मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. या घरात तिच्या हसण्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

शुक्रवार, १ मार्च

सापडलं. डेपोत बसून सापडलं, ब्रेक लायनरची पेटी उघडताना.

रोज संध्याकाळी दोघी हसत असायच्या. पण अर्धे अंक तर भीतीचे आहेत. त्या संध्याकाळी कशा हसतील? एकाच रीतीनं. भीतीच्या अंकाला लागून एक हसरा अंक. रोज दोन. आधी काळीज धडधडवायचं आणि मग झोपायच्या आधी हसवायचं. काजळी विहिरीत अडकते त्यानंतर चुंबक्या भांड्यांच्या प्रदर्शनात जातो तो. क्षणिकाचा श्वास सुटतो त्यानंतर डॉक्टर गंजाच्या पियानोचा. ती बाई काकांच्या दुकानात उभ्या उभ्या हेच तपासत होती. कुठल्या भीतीवर कुठलं हसू पुरेल.

मला ती आवडायला लागली आहे. आज हे लिहून टाकते. मला वाटलं होतं तिच्याशी माझी कायमची स्पर्धा असणार. आता वाटतं, ती असती तर मी तिच्याकडे चहाला गेले असते.

खारूला सांगितलं. ती लगेच फळीपाशी गेली. विहिरीचा अंक उचलला, शेजारी भांड्यांचा ठेवला, आणि तोंडावर हात धरला. मग म्हणाली, “आत या ना.”

रविवार, ३ मार्च

सकाळपासून दोघी जमिनीवर. जोड्या लागत गेल्या. ५८ आला. हा सगळ्यात भीतीचा, यात सातवी घंटा फुटते. खारूनं तो पिशवीतून काढला, उलटा धरून हलवला, पानं चाळली आणि मांडीवर ठेवला.

“पुढचे?” मी विचारलं.

“पुढचे नाही वाचले. आम्ही इथेच थांबलो होतो. अर्ध्यावर. मग आई दवाखान्यात गेली.” मग अगदी हळू म्हणाली, “यात खूण होती.”

माझा हात आपोआप केसांकडे गेला.

करकरीत अंक. ‘पास’. जेवताना डोक्याकडे बघणं. सगळं एकदम समजलं आणि जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. तीन आठवडे मी ती क्लिप मिरवत होते. घाईनं क्लिप ओढून काढली, दोन केस सोबत आले.

“खारू, बोलली का नाहीस गं?”

“मला वाटलं बाबांनी दिली तुम्हाला.”

मला रडू आलं. मुलांसमोर रडू नये म्हणतात, पण आलं. ती नाही रडली. क्लिप मुठीत धरून बसली आणि म्हणाली, “आता पान पण नाही सापडणार.”

तेव्हा मात्र स्टोअरमधली बाई जागी झाली. तीन वर्षं लोखंडाची क्लिप कागदाला लावलेली होती. मी डोळे पुसले, अंक खिडकीशी नेला आणि एकेक पान तिरपं धरून बघितलं. एका पानाच्या वरच्या कडेला तपकिरी रेघ होती. गंजाचा डाग, क्लिपच्या मापाचा. वरून फडकं फिरवणाऱ्या हाताला आतलं पान कुठून दिसणार? खारूनं क्लिप त्या डागावर टेकवली. तंतोतंत बसली.

“डॉक्टर गंजानं पहिल्यांदाच चांगलं काम केलं,” मी म्हटलं. ती किंचित हसली.

सगळ्या जोड्या लागल्या आणि वाचलेले सगळे हसरे अंक संपले. ५८ एकटाच राहिला. मी म्हटलं, “असं कसं? इतका भीतीचा अंक काढला म्हणजे त्याच्यासोबतचा हसरा तिनं काढून ठेवलाच असणार. आधी वाचल्याशिवाय ती आणायची नाही.” आणि मग खालच्या फळीकडे लक्ष गेलं. नंबर नसलेला जोडअंक. नवा. गुपितघर उघडकीला येऊ नये म्हणून सगळे हिरो मिळून एक दिवस लॉन्ड्री चालवतात तो. काकांचा फाटका अंक वाचताना टायरच्या मागे मी इतकी हसले होते की फोरमन डोकावून गेला होता.

“खारू, हा आधी कुठे होता?”

“पुढच्यांच्या आधी. म्हणजे…” ती थांबली. “अठ्ठावन्नला लागून.”

“तो तुझ्यासाठी काढून ठेवलेला आहे.”

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. आता ती रडली, मोठ्यानं, तीन वर्षांचं. मी जवळ घ्यावं की नाही मला कळेना, तेवढ्यात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलंही होतं.

रविवार, १० मार्च

आठवडाभर फळीला कोणी हात लावला नाही. मी तर खोलीत पाय टाकतानाही विचारते.

आज जेवण आटपून चष्मेवाले आडवे झाले, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. खारू दोन अंक घेऊन समोर येऊन उभी राहिली, तशीच, खिडकीवर आल्यासारखी.

“तुला आवाज काढता येतात?”

“डॉक्टर गंजाचा येईल. आमचे फोरमन जसे ओरडतात तसा.”

“काढून दाखव.”

काढला. “चालेल,” म्हणाली आणि पलंगावर सरकून जागा केली.

डागाच्या पानापासून सुरू केलं. घंटेला तडा जातो तिथे तिनं माझी बाही धरली. एकदा “थांब जरा” म्हणाली. थांबले. मग “वाच” म्हणाली. घंटा फुटली, अंक संपला, आणि मी लगेच लॉन्ड्रीचा काढला. चुंबक्याला इस्त्री चिकटते आणि ती घेऊनच तो गिऱ्हाइकाशी अदबीनं बोलत राहतो, तिथे खारूला खुदकन हसू फुटलं आणि मग आम्ही दोघी आवरू शकलो नाही. दारात चष्मेवाले उभे होते. झोपमोड झालेली, चष्मा कपाळावर. येऊन पायथ्याशी बसले.

“आता पुढचा उद्या,” खारू म्हणाली. “आणि काय होतं ते सांगू नकोस. तू सगळे वाचलेत, मला माहितीये.”

“मी कुठली लक्षात ठेवतेय, विसरलेसुद्धा,” मी म्हटलं. धडधडीत खोटं. मला पानन्‌पान पाठ आहे.

तिनं ५९ पिशवीतून काढला, पहिल्या पानाला हिरव्या मण्याची क्लिप लावली आणि फळीवर ठेवला. केप दुमडून टाचण्या लावणारी ती इस्त्रीवाली यायला मध्ये अजून तीन अंक आहेत. मला घाई नाही.